अर्ध्या शेराचा हिशेब

इ. स. १८७६ च्या पावसाळ्याने दख्खनच्या पठाराकडे पाठ फिरविली, खरीप उभ्या शेतात करपले, आणि ज्या परतीच्या पावसावर सोलापूर, कलादगी, अहमदनगर या जिल्ह्यांची शाळू ज्वारी पिकावयाची तो तर आलाच नाही. पुणे आणि सातारा यांचे पूर्वेकडील तालुके, बेळगाव, धारवाड हेही त्याच वणव्यात सापडले. अवर्षण या मुलखाला नवे नव्हते. मराठी अमदानीतही दुष्काळ पडत. सरकारातून साऱ्याची सूट मिळे, तहकुबी मिळे, बी-बियाण्यास आणि बैलास तगाई मिळे, लढाईत कामास आलेल्या शिपायाच्या मुलांस बालपरवेशी चाले. ही सारी धन्याची मेहेरबानी होती आणि ती रयतेच्या दाराशी येईपर्यंत बरेचदा उशीर होई, हे खरे. तथापि दुष्काळाच्या वर्षी वसूल आवरता घ्यावा हा रिवाज मात्र होता. इंग्रजी अमलात सारा रोख झाला, हप्ता ठरला, आणि पेवांतील धान्य विकून हप्ता भरण्याची सवय गावाला लागली. शिवाय १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे पेटलेला सावकारांविरुद्धचा दंगा अद्याप ताजा होता. ज्या सावकाराची वहीखाती रयतेने जाळली तो दुसऱ्याच वर्षी दारात उभ्या राहिलेल्या कुळास मोकळ्या हाताने कर्ज देईल, हे संभवनीय नव्हते. म्हणून १८७६ च्या अखेरीस लाखो कुटुंबांपुढे सरकार हाच एक आश्रय उरला.

मुंबई सरकारने आरंभी या संकटास उदारपणे तोंड दिले, असे म्हणणे इतिहासास धरून होईल. जागोजाग रस्त्यांची, तलावांची, कालव्यांची कामे निघाली. नीरेच्या कालव्याचा, आष्टीच्या तलावाचा आणि दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावाचा आरंभ याच भुकेल्या हातांनी झाला. आज त्या मार्गावरून जाणाऱ्यास हे ठाऊकही नसते. कामे दोन तऱ्हांची होती. एक, मामलेदाराच्या देखरेखीखाली गावाजवळ चालणारी लहानसहान कामे, जेथे अशक्त माणूसही चार पाट्या माती टाकून हजेरीपटावर आपले नाव लावू शके. आणि दुसरी, बांधकाम खात्याची मोठी कामे, जेथे इंजिनियर मोजून काम घेत. माणसांचा लोंढा अर्थातच पहिल्या तऱ्हेच्या कामांकडे लागला, आणि कलकत्त्याच्या तिजोरीस धास्ती पडली.

१८७७ च्या जानेवारीत दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली. त्या समारंभास पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत, ते हातसुताची जाडीभरडी वस्त्रे लेऊन गेले होते. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळाचे खास प्रतिनिधी नेमून मद्रास व मुंबई इलाख्यांच्या दौऱ्यावर धाडले. टेंपल यांची नेमणूक समजून घेण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून, भरपूर मजुरी देऊन, माणसे जवळजवळ मरूच दिली नव्हती. आणि या यशाबद्दल त्यांस शाबासकी न मिळता उधळेपणाचा ठपका मिळाला होता. तो ठपका धुऊन काढावयाचा, या एका विचाराने हा कर्तबगार अधिकारी दख्खनमध्ये उतरला. दया दाखविल्याबद्दल ज्यास एकदा शिक्षा झाली आहे अशा माणसाच्या हाती भुकेल्या प्रजेचे ताट द्यावे, याहून मोठी चूक राज्यकर्त्यांच्या हातून होणे कठीण.

टेंपल यांचा हिशेब असा होता : कामावरील पुरुषास दिवसाला एक पाउंड धान्य, म्हणजे अदमासे अर्धा पक्का शेर, अथवा तितक्या धान्याची किंमत, आणि मीठ-मिरची, सरपण, डाळ यांसाठी वर थोडी रोकड, बायकांस व मुलांस त्याहून कमी. हाच पुढे 'टेंपल वेतन' म्हणून कुप्रसिद्ध झाला. त्याच्या जोडीस दुसरा दंडक आला की गावाजवळची कामे बंद करून धडधाकट माणसांनी आठ-दहा मैलांवरील बांधकाम खात्याच्या कामावर जावे आणि तेथेच राहावे. यामागील तत्त्व साधे होते आणि ते विलायतेच्या १८३४ च्या गरिबांच्या कायद्यातून उचललेले होते : मदत इतकी अल्प आणि इतकी कष्टाची असावी की ज्यास खरोखर गत्यंतर नाही त्यानेच ती मागावी. गरजेची परीक्षा भुकेने घ्यावयाची. परंतु विलायतेतील कष्टगृहाची ही कसोटी ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या आणि उन्हात माती खोदणाऱ्या माणसांस लावताना, अर्ध्या शेरावर दिवसभर कुदळ चालते की नाही हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला तो मद्रासच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉक्टर कॉर्निश यांनी. त्यांनी आकड्यांनिशी टेंपल यांच्याशी वाद घातला, आणि मद्रास सरकारने काही महिन्यांतच तो दर सोडून दिला. मुंबई इलाख्यात मात्र तो चालू राहिला. इतकेच नव्हे, तर १८७७ च्या उन्हाळ्यात खुद्द टेंपल हेच मुंबईचे गव्हर्नर होऊन आले.

पुढे जे घडले त्याची आठवण महाराष्ट्राने जितकी जपावयास हवी होती तितकी जपलेली नाही. मजुरी घटली आणि लांबच्या कामावर जाण्याचे हुकूम सुटले, तेव्हा दख्खनच्या जिल्ह्यांतील लोकांनी कामे सोडली. कुदळ-फावडी जागेवर टाकून, पोरेबाळे कडेवर घेऊन, माणसांच्या रांगा कामावरून उठून आपापल्या गावी परतू लागल्या. हा आकडा लाखाच्या घरात गेला. कोठे दंगल नाही, कोठे कोठार फोडले नाही. ज्यांना दुसऱ्या दिवशीच्या घासाची शाश्वती नव्हती त्यांनी निमूटपणे असा निर्वाळा दिला की या दराने आम्ही राबणार नाही. अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटले, कोणाच्या तरी चिथावणीचा वास घेतला, आणि लोक कामे सोडून जाऊ शकतात त्या अर्थी त्यांच्या घरी धान्य असलेच पाहिजे असा निष्कर्षही काढला. वस्तुतः जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण घरी गेले ते म्हाताऱ्या आईबापांसाठी. दहा मैलांवरच्या छावणीत राहावयाचे तर घरच्या सत्तरीच्या माणसाला कोणाच्या हवाली करावयाचे? जवळच्या कामावर हीच म्हातारी माणसे टोपलीत मूठभर माती घालून हजेरी लावीत असत. आता त्यांचा तो आधारही तुटला. अंतराच्या या कसोटीत कुटुंबे उभी चिरली गेली, आणि गावात जे मागे राहिले त्यांत वृद्धांचाच भरणा अधिक होता.

या मूक संपास वाणी दिली ती सार्वजनिक सभेने. १८७० साली स्थापन झालेल्या या संस्थेत त्या वेळी न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी आणि सार्वजनिक काकांची धडाडी एकत्र आली होती. सभेने गावोगावच्या हकीकती जमविल्या, सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठविले, आणि एका अर्जात असा मुद्दा मांडला की त्यास उत्तर देणे सरकारास जड गेले : तुमच्या तुरुंगातील कैद्यास जितके धान्य मिळते त्याहूनही कमी तुम्ही निरपराध, कष्टाळू रयतेस देता. रानडे यांच्या लेखनाचा नमुना म्हणून जेव्हा त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांकडे बोट दाखविण्यात येते, तेव्हा मला नेहमी वाटते की या दुष्काळी अर्जांकडेही दाखवावे. कारण प्रजेच्या पोटाचा प्रश्न भिक्षेच्या भाषेतून काढून हिशेबाच्या आणि न्यायाच्या भाषेत मांडण्याचे काम महाराष्ट्रात प्रथम तेथे झाले. त्याच सुमारास जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाची मंडळी यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. आणि सावित्रीबाईंनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांस धाडलेल्या पत्रात त्या भागातील हाहाकाराचे जे वर्णन केले आहे, ते कोणत्याही सरकारी अहवालाहून खरे आहे. वासुदेव बळवंत फडके दुष्काळी मुलखातून हिंडले तेही याच दिवसांत, आणि १८७९ चे त्यांचे बंड या हिंडण्यातूनच उद्भवले.

ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे खाल्ली. इतक्या मृत्यूंनंतर सरकारास चौकशी बसविणे भाग पडले, आणि सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली आपला अहवाल सादर केला. हा अहवाल वाचणारा मनुष्य दोन परस्परविरुद्ध भावनांत सापडतो. एकीकडे त्यात माणुसकी आहे : टेंपल यांच्या दराहून चढे अन्न द्यावे, काम मिळावे, आणि जे वृद्ध, आंधळे, पांगळे किंवा आजारी असल्यामुळे काम करू शकत नाहीत त्यांस त्यांच्या गावातच काम न घेता मदत द्यावी असे तो सांगतो. दुसरीकडे त्यात एक भीती आहे, आणि ती भीती आयोगाने मोठ्या प्रांजळपणे लिहून ठेविली आहे. दुष्काळात मदत मागण्याचा गरिबास हक्क आहे असे एकदा मान्य केले, तर उद्या तो म्हणेल की एरव्हीही मला तो हक्क आहे; आणि मग सर्वकाळच्या, सर्व गरिबांच्या मदतीचा पाया घातला जाईल, जी गोष्ट आम्हांस अत्यंत चिंताजनक वाटते, असा त्या मजकुराचा आशय होता. आयोगाचा तर्क अचूक होता, एवढे कबूल केले पाहिजे. दुष्काळातील भूक आणि सुकाळातील भूमिहीनाची भूक यांत प्रतीचा भेद नाही, हे आयोगाच्या सभासदांनी नीट ओळखले होते. ओळखून त्यांनी ते दार लावून घेतले.

या अहवालावरून १८८३ साली दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला आणि मग प्रांतोप्रांतीच्या संहिता निघाल्या. हिंदुस्थानात दुष्काळनिवारणाची इतकी तपशीलवार नियमावली त्यापूर्वी झाली नव्हती. टंचाईची चिन्हे कोणती, चाचणीचे काम केव्हा काढावयाचे, किती माणसे आली म्हणजे दुष्काळ जाहीर करावयाचा, मुकादमाच्या टोळीत किती माणसे, पाळण्यातील मुलास काय द्यावयाचे, हे सारे कलमवार. पाटील-कुलकर्ण्यांनी गावातील निराधारांची यादी करावी, फिरत्या अधिकाऱ्याने ती माणसे प्रत्यक्ष पाहून पडताळावी आणि त्यांस घरपोच धान्य अथवा पैसा मिळावा, ही व्यवस्था त्याच संहितेत आहे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडील वृद्ध, विधवा आणि अपंग यांच्या सरकारी यादीचा हा पहिला पाया होय. मात्र ही यादी दुष्काळ जाहीर झाल्यावर उघडावयाची आणि पाऊस पडताच मिटावयाची. म्हातारपण पावसाबरोबर सरत नाही, याचा विचार संहितेत नव्हता. पैशाचीही तरतूद झाली. दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे लिटन सरकारने जाहीर करून त्यासाठी व्यापारधंद्यांवर लायसेन्स कर बसविला, ज्यापायी १८७८ साली सुरतेत दंगा झाला. आणि तो निधी लवकरच अफगाणिस्तानच्या लढाईच्या खर्चात वाहून गेला.

ज्या देशातील अधिकाऱ्यांस सार्वकालिक मदतीची एवढी धास्ती होती, त्या खुद्द इंग्लंडात तीस वर्षांच्या आत काय झाले हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. तेथे चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या दारिद्र्याची पाहणी करून दाखवून दिले की म्हातारपण हेच दारिद्र्याचे एक मोठे कारण आहे, आळस किंवा व्यसन नव्हे. १९०८ साली लॉईड जॉर्ज यांनी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा पार्लमेंटात मंजूर करवून घेतला, आणि १ जानेवारी १९०९ रोजी सत्तर वर्षांवरील गरीब माणसे पोस्टाच्या खिडकीशी जाऊन आठवड्याचे पाच शिलिंग घेऊ लागली. वर्गणी नाही, काम नाही, कष्टगृहाची अट नाही. आयर्लंडात त्या काळच्या वृद्धांच्या जन्माची सरकारी नोंदच नसल्यामुळे १८३९ सालचे मोठे वादळ आठवते की नाही, यावर वयाची पारख करण्याचीही पाळी अधिकाऱ्यांवर आली. आयोगाने ज्या दाराला कुलूप लावले होते ते स्वदेशात असे उघडले गेले. ते दख्खनमध्ये उघडावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

दख्खनमध्ये ते ठोठावले गेले होते. १८९६ साली पुन्हा पाऊस चुकला, तेव्हा सार्वजनिक सभा लोकमान्य टिळकांच्या हाती आलेली होती. टिळकांनी दुष्काळ संहिता मराठीत करवून तिच्या प्रती खेडोपाडी वाटल्या. सरकारच्याच कायद्यात तुम्हांस काय मिळावयाचे आहे हे वाचा, आणि मिळत नसेल तर मागा. पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी गुरेढोरे विकू नका, असा त्यांच्या 'केसरी'चा आणि सभेच्या प्रचारकांचा उपदेश असे. कुलाबा, ठाणे, खानदेश येथे हजारोंच्या सभा भरल्या. सरकारने प्रचारकांवर खटले भरले आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली. नियम सरकारचा असला तरी तो रयतेस ठाऊक होणे हेच राजद्रोहासारखे मानले गेले. यावरून अधिकारी हक्काच्या कल्पनेस किती भीत होते ते कळते.

पुढील पाऊणशे वर्षांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६ चा, १८९९-१९०० मध्ये येऊन गेला, संहिता सुधारत गेली, स्वराज्य आले. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी असे सांगितले, परंतु तो अनुच्छेद निदेशक तत्त्वांत असल्यामुळे त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही. ते दार पुन्हा हलले ते १९७० ते १९७३ या तीन वर्षांच्या अवर्षणात, आणि हलविले त्याच जिल्ह्यांतील माणसांनी ज्यांच्या पणज्यांनी १८७७ साली कुदळी टाकल्या होत्या.

ज्यांनी १९७२ पाहिले त्यांस मिलोची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची आठवण करून द्यावी लागत नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, आणि पूर्वी कधी मजुरीस न गेलेले चाळीस-पन्नास एकरांचे मालकही हातात घमेले घेऊन रांगेस उभे राहिले. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडीची केंद्रे अशी कामे निघता निघता १९७३ च्या मे महिन्यात कामावरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली. एवढ्या माणसांना एकाच वेळी सरकारने काम पुरविल्याचे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. त्या कामांचे दृश्य असे : दहा-पंधरा जणांची टोळी, पुरुष टिकावाने खणीत, बायका घमेली भरून डोक्यावरून बांधावर टाकीत, खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक उंचवटा खूण म्हणून राखलेला असे, आणि आठवड्याच्या शेवटी ओव्हरसियर टेप लावून त्या उंचवट्यावरून खोली मोजी. माप भरले तितका दाम. जी माणसे थकली होती ती खडीच्या ढिगाशी बसत. फडके गुंडाळलेल्या बोटांनी दगड धरावयाचा आणि हातोडीने फोडावयाचा, हे बसून करण्याचे काम म्हणून म्हाताऱ्यांच्या वाट्यास येई. या कामांत उणिवा पुष्कळ होत्या. मजुरी थकत असे, हजेरीपटावर खोटी नावे चढत, आणि त्यापायी मोर्चे निघत. परंतु १८७७ आणि १९७३ यांतील मुख्य फरक असा की या वेळी काम मागणारा मनुष्य मतदार होता. संप करून त्यास गावी उपाशी परतावे लागत नव्हते, तो मामलेदार कचेरीवर चालून जात होता, आणि विधिमंडळात त्याची दखल घ्यावी लागत होती. अन्नधान्याचे उत्पादन इतके घसरले असताही त्या दुष्काळात भूकबळींची ती जुनी भीषण आवृत्ती निघाली नाही.

या प्रचंड खटाटोपामागे एका माणसाची कल्पना आधीपासून तयार होती. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील स्वातंत्र्यसैनिक, वृत्तीने सर्वोदयी, आणि विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली त्यांनी मुख्यमंत्र्यांस लिहिले की खेड्यातील ज्या माणसापाशी जमीन नाही किंवा पुरेशी नाही, आणि जो अंगमेहनत करावयास तयार आहे, त्यास सरकारने काम देण्याचे वचन द्यावे. आणि विसापूर परिसरात त्याचा प्रयोगही झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली, तोच दुष्काळाच्या कामांनी तिला झाकून टाकले. दुष्काळ सरल्यावर मात्र नेहमीप्रमाणे कामे बंद करून यादी मिटावयाची की काय, हा प्रश्न उभा राहिला. येथे महाराष्ट्राने जो निर्णय केला तो स्ट्रॅची आयोगाच्या भीतीस दिलेले उत्तर होते. मदत चालू राहिली. १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबईतील पगारदाराच्या आणि व्यापाऱ्याच्या खिशातून दरमहा कापला जाणारा पैसा बीडच्या आणि सांगोल्याच्या बांधावर जाऊ लागला, विक्रीकरावर, मोटारींवर, ओलिताच्या जमिनीवर अधिभार आले, आणि या सर्वांच्या उत्पन्नाइतकीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले. शहराने गावाचे ऋण असे नियमाने फेडण्याची ही तजवीज मला त्या संपूर्ण योजनेतील सर्वांत मोलाची वाटते. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने चार नंबरचा अर्ज भरून काम मागितले की पंधरा दिवसांत काम दिले पाहिजे, न दिल्यास रोजी एक रुपयाहून कमी नसेल असा बेकारी भत्ता दिला पाहिजे, हे आता हक्काचे झाले. भत्ता देण्याची पाळी येऊ नये म्हणून अधिकारी काय काय युक्त्या करीत आणि अर्जाची पोच देणे कसे टाळीत, हे ग्रामीण कार्यकर्त्यांस चांगले ठाऊक आहे. तरीही अर्ज हातात घेऊन अधिकाऱ्यापुढे उभी राहणारी बाई आता याचक नव्हती. या कामांवर निम्म्याच्या आसपास हजेरी बायकांची असे. पुढे १९९० च्या सुमारास याच हमीशी फळबागांची लागवड जोडली गेली, आणि २००५ साली संसदेने देशभरासाठी वर्षाकाठी कुटुंबामागे शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्याचे मूळ येथेच होते.

येथवर आले ते राबणारे हात. खडीच्या ढिगाशीही बसवत नाही अशा माणसाचे काय, हा संहितेतील जुना प्रश्न कायद्याने सोडविला नव्हता. कारण हमी ही कामाची होती. त्यास पहिले उत्तर १९८० मध्ये बॅ. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजनेने दिले. वृद्ध, विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर रोगाने खंगलेले, यांस दुष्काळ असो वा सुकाळ, दरमहा काही रक्कम मिळू लागली. म्हातारपण हे स्वतःच मदतीस पात्र ठरविणारे कारण आहे, त्यासाठी आकाशाकडे पाहावयाचे कारण नाही, हे तत्त्व शंभर वर्षांनी मान्य झाले. मग १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने पासष्टीपुढील निराधारांस महिना ७५ रुपये देण्याचे ठरविले. पुढे ते २०० झाले, आणि २०११ साली वयाची अट साठावर आली, पण ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा आकडा त्यानंतरही दशकाहून अधिक काळ त्या दोनशेवरच थबकून राहिला. राज्याने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना काढून त्यात भर घातली. २०२३ पासून महिना १५०० रुपये मिळू लागले. वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे ही अट मात्र कायम होती.

कागदाची वाट कशी आहे तेही पाहावे. १९७३ च्या मे महिन्यात ज्या मुली पंधरा-सोळा वर्षांच्या वयात बांधावर माती टाकीत होत्या त्या आता पासष्टी ओलांडून गेल्या आहेत. तहसील कचेरीत अर्ज करावयाचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासाचा लागतो आणि वयाचा पुरावा लागतो. त्यांतल्या पुष्कळजणी शाळेत गेल्याच नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. जन्माची नोंद सापडत नाही. आधार कार्डावर कोणी अंदाजाने घातलेले साल असते, आणि त्या अंदाजात दोन वर्षे कमी पडली तर दोन वर्षे थांबावे लागते. मग सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला आणण्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेपा घालावयाच्या. मुलगा मोठा होऊन कमावता झाला की विधवेचे अनुदान बंद होते की काय, ही धास्ती वेगळी. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक केव्हा होईल हे अर्जदारास कळत नाही. मंजुरी झाल्यावरही दरसाल हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, आणि बँकेच्या यंत्रावर अंगठा उमटला नाही, कारण आयुष्यभर माती आणि दगड हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तर त्या महिन्याचे पैसे अडकतात.

रोजगार हमीच्या पाठीशी विधिमंडळाचा कायदा आहे, पंधरा दिवसांची मुदत आहे, न दिल्यास भत्त्याचा दंड आहे, आणि तिच्या नावाने वसूल होणारा कर आहे. निराधाराच्या अनुदानाच्या पाठीशी शासन निर्णय आहेत. अर्ज किती दिवसांत निकालात काढावयाचा याला कायद्याचे बंधन नाही, पैसे तीन-तीन महिने तुंबले तर कोणास भुर्दंड नाही, आणि महागाई वाढली तर रक्कम आपोआप वाढावी अशी तरतूद नाही. १९७७ साली राबणाऱ्या माणसासाठी जे विधिमंडळाने एकमताने केले, ते न राबू शकणाऱ्यासाठी करावयाचे अद्याप शिल्लक आहे.